खासगी रॉकेटांना परवाना देताना खाली राहणाऱ्यांचा हिशोब कोण करतं?

तापीकाठ (धागाकर्ती)

मंडळी, २ एप्रिल २०२२ चा पाडवा आठवतो का? संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आकाशातून आगीची रांग सरकत गेली होती. जळगाव, बुलढाणा, अकोला, तिकडे मध्य प्रदेश, सगळीकडून लोकांनी ती पाहिली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. नंतर आसपासच्या शिवारात गोल टाक्या सापडल्या. वेळ आणि मार्ग जुळवून अभ्यासकांनी सांगितलं की फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा तो तिसरा टप्पा, म्हणजे सर्वात वरचा भाग, असावा. कोणाला इजा झाली नाही, आणि विषय तिथेच मिटला.

माझ्या मते तो मिटायला नको होता. माझं माहेर चोपड्याचं, काम सिस्टिम सेफ्टीचं. यंत्र कुठे, कसं, कोणाच्या चुकीने बिघडेल आणि बिघडलं तर कोणाला लागेल, हे आधी कागदावर मांडायचं, हा माझा रोजचा व्यवसाय. म्हणून मला आपल्या देशातल्या खासगी रॉकेटांबद्दल बोलायचं आहे.

जून २०२० मध्ये अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं. १८ नोव्हेंबर २०२२ ला स्कायरूटचं 'विक्रम-एस' उडालं, ३० मे २०२४ ला अग्निकुलचं 'अग्निबाण'. दोन्ही श्रीहरिकोट्याहून, आणि दोन्हींचा मला मनापासून अभिमान आहे. परवाना देण्यासाठी 'इन-स्पेस' ही संस्था अहमदाबादजवळ बोपलला आहे. एप्रिल २०२३ मध्ये अवकाश धोरण मंजूर झालं, मे २०२४ मध्ये परवान्याची सविस्तर नियमावली आली.

पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. अवकाश विषयक विधेयकाचा मसुदा २०१७ साली लोकांपुढे ठेवला होता, त्याचा कायदा अजून झालेला नाही. शिवाय इन-स्पेस आणि इस्रो एकाच अवकाश विभागाखाली. कंपन्यांना हात देऊन पुढे आणायचं कामही इन-स्पेसचंच आणि 'थांबा, हे सुरक्षित नाही' म्हणायचं कामही तिचंच. तिथली माणसं प्रामाणिक नाहीत असं मी अजिबात म्हणत नाही. रचना अशी असली की प्रामाणिक माणसावरही दोन्ही बाजूंनी ओढ पडते, एवढंच माझं म्हणणं.

रावेर_केळीबाग

ताई, माहिती चांगली दिली. पण एक शंका. श्रीहरिकोट्याचं रॉकेट समुद्रावरून जातं. आमच्या रावेर-यावलला त्याचं काय? आमची केळी वादळाने आडवी होते, करप्याने जाते. रॉकेटने गेल्याचं कोणी ऐकलं नाही.

तापीकाठ

भाऊ, रास्त शंका आहे. धोका दोन वेळचा असतो: वर जाताना आणि परत खाली येताना.

वर जाताना आपण खरंच लांब आहोत. समुद्रकिनारा निवडतात तोच त्यासाठी. ध्रुवीय कक्षेत जाणारं इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेला सोडलं तर श्रीलंकेवरून जाईल, म्हणून ते आधी आग्नेयेला जातं आणि मग वळतं. त्या वळणात इंधन खर्ची पडतं आणि उपग्रहाचं वजन कमी करावं लागतं. छोट्या रॉकेटला हा भुर्दंड परवडत नाही. तमिळनाडूत थुतुकुडी जिल्ह्यात कुलसेकरपट्टिणमला नवा तळ होतोय (पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४) त्याचं मुख्य कारण हेच. तिथून दक्षिणेला नुसतं पाणी आहे. सुरक्षेचा नियम नकाशावर किती खोल उतरतो, ते यातून कळतं.

रॉकेट वाट सोडू लागलं तर ते मुद्दाम नष्ट करायची यंत्रणा त्याच्यातच बसवलेली असते. २५ डिसेंबर २०१० ला जीएसएलव्ही-एफ०६ उड्डाणानंतर मिनिटभरात भरकटलं, तेव्हा रेंज सेफ्टीच्या अधिकाऱ्याने आज्ञा देऊन ते बंगालच्या उपसागरावर फोडलं. आणि ही यंत्रणासुद्धा तपासावीच लागते. २० एप्रिल २०२३ ला टेक्सासमध्ये स्पेसएक्स कंपनीच्या 'स्टारशिप' रॉकेटचं पहिलं पूर्ण उड्डाण झालं, तेव्हा नष्ट करायची आज्ञा गेल्यावरही रॉकेट फुटायला अपेक्षेपेक्षा बराच जास्त वेळ लागला. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, त्या उड्डाणानंतर ६३ सुधारणांची यादी लावली आणि त्यातल्या सुरक्षेच्या बाबी पुऱ्या झाल्याशिवाय पुढचा परवाना दिला नाही.

आता परत येण्याचं. जळगाव २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. कक्षेत राहिलेल्या ज्या टप्प्याचा विषुववृत्ताशी कल २१ अंशांपेक्षा जास्त, तो कधी ना कधी आपल्या डोक्यावरून जातो. त्याला मुद्दाम समुद्रात पाडलं नाही तर तो कुठे उतरेल हे आधी नेमकं कोणीच सांगू शकत नाही. लाडबोरीत तेच झालं. ३० डिसेंबर २०२४ ला केनियातल्या मुकुकू गावात अडीच मीटर व्यासाचं, सुमारे ५०० किलोचं कडं पडलं. आणि यात आपणही आहोत: जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलेली मोठी टाकी बहुधा पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याची असल्याचं तिथल्या अवकाश संस्थेने सांगितलं.

हिशोब कसा करतात ते आपल्याच जिल्ह्यावर करून दाखवते. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्यात चौरस किलोमीटरला साधारण ३६० माणसं. समजा एक चौरस मीटरचा तुकडा जिल्ह्यात कुठेतरी पडला. माणसाचं वरून दिसणारं क्षेत्र ०.३६ चौरस मीटर धरतात. दोन्हींची वर्गमुळं, ०.६ आणि १, मिळवून वर्ग केला की २.५६ चौरस मीटर. एवढ्या जागेत माणूस उभा असला तर त्याला लागणार. ३६० माणसं दहा लाख चौरस मीटरमध्ये, म्हणून २.५६ चौरस मीटरमध्ये ०.०००९२. म्हणजे साधारण १०८५ मध्ये एक. असे दहा तुकडे पडले तर १०८ मध्ये एक.

अमेरिकेचा सध्याचा नियम काय म्हणतो? एका उड्डाणामुळे सगळ्या जनतेत मिळून अपेक्षित इजा दहा हजारांत एकपेक्षा जास्त नको, आणि कोणत्याही एका माणसाला दहा लाखांत एकपेक्षा जास्त नको. वरचा आकडा 'तुकडे जिल्ह्यात पडलेच' असं धरून काढलाय. खऱ्या हिशोबात त्याला ते तिथे पडण्याच्या शक्यतेने गुणतात, आणि ती फार लहान असते. छपराचा आडोसाही धरतात. तरी दाट वस्तीवर परवानगी का नसते आणि टप्पा मुद्दाम समुद्रात पाडायला का सांगतात, हे या गुणाकारावरून दिसेल.

रावेर_केळीबाग

हाई गोठ पटनी ताई. पण मग विचारतो, हा गुणाकार करतो कोण? कंपनीच?

तापीकाठ

कंपनीच करते. म्हणूनच तो तपासणारा वेगळा लागतो.

भुसावळ_जंक्शन

या प्रश्नावर मला बोलायलाच हवं. आयुष्य रेल्वेत गेलं. भुसावळात कोणालाही विचारा, नवी लाईन टाकली, तिसरी-चौथी लाईन जोडली, तरी सीआरएस, म्हणजे रेल्वे सुरक्षा आयुक्त, येऊन पाहून गेल्याशिवाय तिच्यावरून प्रवासी गाडी जात नाही. कितीही घाई असो, वरून कितीही फोन येवोत. मोटार ट्रॉलीवरून पूल, पॉइंट, सिग्नल बघत जातात, मग स्पीड ट्रायल, मग लेखी मंजुरी, आणि तीही अटींसकट.

आणि बाहेर फारशी माहीत नसलेली गोष्ट: कमिशनर ऑफ रेल्वे सेफ्टी हा रेल्वे मंत्रालयाचा माणूस नाही. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतो. इंग्रजांच्या काळातच, १९४१ साली, ही तपासणी रेल्वे बोर्डापासून अलग केली. जो गाड्या चालवतो त्यानेच 'लाईन सुरक्षित' असं लिहून द्यायचं नाही, हे तत्त्व. गंभीर अपघाताची चौकशीही तोच करतो, आणि त्यात रेल्वेच्या मोठ्या अधिकाऱ्यांनाही उभं राहून उत्तरं द्यावी लागतात.

यामुळे कामं लांबायची, आम्हाला तेव्हा रागही यायचा. पण सीआरएसने दाखवलेली खोट आम्हाला आधी दिसली नव्हती, असं अनेकदा झालं. रोज तेच काम करणाऱ्याच्या नजरेला सवय लागते. रॉकेटसाठी अशी व्यवस्था का नको? माणसं इस्रोतली अनुभवी घ्या, पण त्यांचा पगार, बढती, बदली दुसऱ्या मंत्रालयाच्या हातात ठेवा.

तापीकाठ

काका, मला हेच म्हणायचं होतं आणि तुम्ही ते अनुभवाने मांडलंत.

अमेरिकेतही हा गुंता सुटलेला नाही. एफएएकडे विमान उद्योगाला 'चालना' देण्याचं कामही होतं. १९९६ च्या व्हॅल्यूजेट विमान अपघातानंतर ते कायद्यातून काढलं. पण त्याच एफएएच्या व्यावसायिक अवकाश कार्यालयाकडे आजही दोन्ही कामं आहेत: सुरक्षाही आणि उद्योगाला प्रोत्साहनही.

शिरपूरचा_प्रणोदक

मी शिरपूरचा, दक्षिणेत एका छोट्या रॉकेट कंपनीत प्रोपल्शनमध्ये, म्हणजे इंजिनांच्या कामात, आहे. धागा आवडला, पण दुसरी बाजू मांडू द्या.

रेल्वेकडे दीडशे वर्षांचा अनुभव आहे. पूल कसा खचतो हे माहीत आहे, म्हणून नियम लिहिता येतात. आमच्याकडे प्रत्येक इंजिन नवं. कोणी उठून 'भिंत इतक्याच मिलिमीटरची हवी' असा नियम केला तर छापील इंजिन बनणारच नाही. अग्निबाणचं इंजिन थ्रीडी प्रिंटिंगने एका तुकड्यात बनवलेलं होतं. जुन्या नियमांत त्याला जागाच मिळाली नसती. अशा अडचणी येऊ नयेत म्हणूनच अमेरिकेने मार्च २०२१ पासून परवान्याच्या नियमांचा 'भाग ४५०' लागू केला. त्यात 'असं बांधा' म्हणत नाहीत, 'धोका या मर्यादेत आहे हे सिद्ध करा' म्हणतात. आम्हाला असंच हवंय.

दुसरं, विलंब. छोट्या कंपनीकडे पगाराला पुरेल इतका पैसा मोजक्या महिन्यांचा असतो. फाइल एका टेबलावर अडली तर रॉकेट तयार असून कंपनी बंद पडते. तुम्ही सगळे सुरक्षेचं बोलताय, पण मुदतीचं कोणी बोलत नाही.

तापीकाठ

भाऊ, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. निकाल काय हवा ते सांगणारा नियमच चांगला. पण तो तपासायला जास्त हुशार माणूस लागतो, कमी नाही. भिंत पट्टीने मोजता येते. 'माझ्या रॉकेटच्या बिघाडाची शक्यता अमुक' हे मोजायला तुमच्याइतकंच प्रोपल्शन कळणारा माणूस समोर बसलेला हवा.

मुदतीबद्दल मात्र एक घटना सांगते. आमच्या पेशात ती सगळ्यांना ठाऊक असते.

३१ ऑक्टोबर २०१४, मोहावे, कॅलिफोर्निया. पर्यटकांना अवकाशाच्या उंबरठ्यावर नेण्यासाठी बांधलेलं 'स्पेसशिपटू' चाचणीत हवेतच मोडलं. सहवैमानिक गेला, वैमानिक जबर जखमी होऊन वाचला. या यानाची शेपटी परत येताना वर उचलायची असते, म्हणजे हवेचा रोध वाढून ते स्थिर उतरतं. शेपटीचं कुलूप ध्वनीच्या वेगाच्या १.४ पटीला उघडायचं होतं, सहवैमानिकाने ते ०.८ च्या आसपासच उघडलं. शेपटी उचलायचा दुसरा खटका कोणी ओढलाच नव्हता. पण त्या वेगाला हवेचा दाबच इतका होता की शेपटी आपोआप उचलली गेली आणि यान फाटलं.

अपघात चौकशी मंडळाने, एनटीएसबीने, २०१५ मध्ये दोष त्या माणसावर टाकून फाइल बंद केली नाही. मंडळाने म्हटलं की एका माणसाच्या एका चुकीने सगळं यान जाऊ शकतं, ही शक्यता बांधणाऱ्या कंपनीने विश्लेषणात धरलीच नव्हती. आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला माणसाच्या चुकांचं विश्लेषण अपुरं आहे हे दिसलेलं असूनही त्या अटीतून सूट दिली गेली होती. १२० दिवसांत निर्णय द्यायची मुदत, वरून दबाव, आणि तपासणाऱ्या इंजिनिअरला बांधणाऱ्या इंजिनिअरशी थेट खोलात बोलता येत नव्हतं. हे सगळं अहवालात आहे.

म्हणून मुदत जरूर असू दे, पण मुदत संपली म्हणून सूट देता येऊ नये. मुदतीत काम व्हावं असं वाटत असेल तर तपासणारी माणसं वाढवा. त्याचा खर्च तुमच्यासारख्या छोट्या कंपनीवर पडू नये, सरकारने करावा, या मताची मी आहे.

पांझराकाठ

वाचतेय. धागा साठवून ठेवला. यानात बसणाऱ्या प्रवाशांचं काय, यावरही लिहा.

तापीकाठ

थोडक्यात लिहिते. अमेरिकेत २००४ च्या कायद्याने ठरवलं की प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम एफएएने काही वर्षं करायचेच नाहीत, उद्योगाला शिकू द्यायचं. ती मुदत वाढत वाढत आता १ जानेवारी २०२८ पर्यंत आली आहे. तोवर प्रवाशाला लेखी सांगायचं की सरकारने हे यान सुरक्षित म्हणून प्रमाणित केलेलं नाही, आणि त्याची सही घ्यायची. पैसे भरून, समजून-उमजून जाणाऱ्याचं मी एक वेळ समजू शकते. शेतात पाणी भरणाऱ्याने कोणत्या कागदावर सही केलेली नसते. म्हणून माझा जोर खालच्यांवर आहे.

वरणगावकर

ऑर्डनन्समध्ये होतो, एवढंच सांगतो. आमच्याकडे स्फोटकाच्या प्रत्येक इमारतीच्या दारावर लिहिलेलं असतं, आत जास्तीत जास्त माणसं किती आणि माल किती. मॅन लिमिट, एक्स्प्लोझिव्ह लिमिट. दोन इमारतींमधलं अंतर मालाच्या वजनावरून ठरतं. मोठा साहेब आला तरी आतला एक बाहेर निघाल्याशिवाय त्याला आत सोडत नाहीत.

रॉकेटची जमिनीवरची चाचणी हीसुद्धा तेवढ्याच गांभीर्याने घ्यायची बाब आहे. ३० जून २०२४ ला चीनच्या हनान प्रांतात गोंगयीजवळ एका खासगी कंपनीच्या 'तियानलाँग-३' रॉकेटची इंजिनं नुसती बांधून चालवायची होती. बांधणी तुटली, रॉकेट चक्क उडालं आणि दीडेक किलोमीटरवर डोंगरात पडून पेटलं. गाव जवळच होतं. चाचणीचा परवानाही उड्डाणाच्या परवान्याइतकाच कडक हवा. उद्या कोणी स्वस्त जमीन बघून आपल्याकडच्या माळरानावर टेस्ट स्टँड उभारला तर ग्रामपंचायतीने काय विचारायचं ते तिला आजच माहीत असलं पाहिजे.

धुळे_वकिली

कायद्याची बाजू मांडतो. ती या चर्चेत अजून आलेली नाही, आणि माझ्या मते सर्वात मोठं भगदाड तिथेच आहे.

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार खासगी कंपनीने अवकाशात काहीही केलं तरी जबाबदार तिचं राष्ट्र. परवाना आणि सतत देखरेख हे राष्ट्राचं कर्तव्य. १९७२ च्या दायित्व कराराने सांगितलं की जमिनीवर किंवा उडत्या विमानाला नुकसान झालं तर सोडणाऱ्या राष्ट्राने भरपाई द्यायची, चूक सिद्ध करायची गरज नाही. भारत दोन्हींत सामील आहे. २४ जानेवारी १९७८ ला सोव्हिएत 'कॉसमॉस ९५४' हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने दावा लावला आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली.

म्हणजे लाडबोरीत एखाद्याचं घर पडलं असतं, तर भारत सरकारला एका वर्षाच्या आत राजनैतिक मार्गाने मागणी करता आली असती. घरमालकाला या कराराखाली स्वतः ती करता येत नाही. मागायचं की नाही, हे सरकारने ठरवायचं.

आता उलटं बघा. रॉकेट भारतीय कंपनीचं, पडलं भारतात, नुकसान भारतीय शेतकऱ्याचं. दायित्व कराराचं सातवं कलम स्पष्ट म्हणतं की सोडणाऱ्या राष्ट्राच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागू नाही. परदेशी माणसाला 'चूक सिद्ध न करता' भरपाई, आणि आपल्याच माणसाला तेवढंही नाही. त्याने दिवाणी कोर्टात जायचं, किंवा रिट करायची, आणि वर्षानुवर्षं तारखा घ्यायच्या. हे भगदाड फक्त देशाचा कायदा बुजवू शकतो. नियमावलीत विम्याच्या कितीही अटी घाला, नुकसान झालेल्याला थेट दावा करायचा हक्क त्याने मिळत नाही.

अमेरिकेत ही साखळी कायद्याने बांधली आहे. प्रत्येक परवान्यासाठी संभाव्य कमाल नुकसान एफएए काढते आणि कंपनीला तेवढा विमा घ्यावा लागतो, त्रयस्थांसाठी ५० कोटी डॉलरच्या मर्यादेपर्यंत. त्याच्या वर ठरावीक रकमेपर्यंत सरकार, संसदेने मंजूर केलं तर.

शिरपूरचा_प्रणोदक

हे सातवं कलम मला ठाऊक नव्हतं. विम्याची मर्यादा कायद्यात ठरली तर आम्हालाही बरंच. आज गुंतवणूकदार पहिलं विचारतो, 'अपघात झाला तर तुमच्यावर किती येईल?' त्याला सांगायला आकडा नसतो. या बाबतीत तुमची आणि आमची मागणी एकच आहे.

धडगाव_शिक्षिका

सर्व वाचलं. आमच्या अक्राणीत डोंगरातल्या पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते. तिथे असं काही पडलं तर पहिली पोहोचतात मुलं. शाळेत त्यांना नेमकं काय सांगू?

तापीकाठ

ताई, तीन गोष्टी. हात लावायचा नाही. गोल टाकी दिसली तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला लांब जायचं, कारण अशा टाकीत हायड्राझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. आणि पोलीस पाटलाला सांगायचं, त्याने तहसील आणि पोलीस ठाण्याला. लाडबोरीचं कडं सिंदेवाही ठाण्यात नेलं, मग इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. भंगारात विकायचं नाही हेही सांगा. १९६८ च्या करारानुसार सापडलेली वस्तू सोडणाऱ्या राष्ट्राने मागितली तर परत द्यायची असते, आणि दाव्यासाठी पुरावाही तीच.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. पूर, वीज, दरड यांच्या सूचना शाळांना मिळतात, त्यातच हे एक पान घालायला फार खर्च नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी अहिराणी, पावरी आणि भिलीतून ते करता येईल का? तुम्ही पावरीचं बघाल?

धडगाव_शिक्षिका

हो, करते. आमच्या केंद्रातल्या शिक्षकांना दाखवून घेईन.

धुळे_वकिली

मग एक निवेदन मी लिहितो, आपल्या तिन्ही जिल्ह्यांतल्या चारही खासदारांच्या नावे. मागण्या अशा: अवकाश कायदा संसदेत आणा. सुरक्षा परवाना अवकाश विभागाबाहेरच्या यंत्रणेकडे द्या, सीआरएसच्या धर्तीवर. भारतीय नागरिकालाही चूक सिद्ध न करता भरपाई, आणि दावा जिल्हा पातळीवर करता यावा. जमिनीवरच्या चाचण्यांना तोच परवाना. दिलेली प्रत्येक सूट कारणासकट जाहीर करावी.

भुसावळकर काका, सीआरएसच्या अधिकारांची रेल्वे कायद्यातली कलमं तुम्ही काढून द्या. शिरपूरकर, मुदतीचं कलम तुम्ही लिहा. ते उद्योगातल्या माणसाकडूनच आलेलं बरं.

शिरपूरचा_प्रणोदक

लिहितो. त्यात एक ओळ अशी घालेन की परवाना देणाऱ्या इंजिनिअरला आमच्या इंजिनिअरशी थेट बोलायची मुभा हवी, मधे फक्त कागद नको. बाकीच्यांना मान्य आहे का?

भुसावळ_जंक्शन

मान्य. मात्र झालेलं बोलणं लेखी नोंदलं जावं, दोघांच्या सह्यांनी. कलमं रविवारपर्यंत टाकतो.